मानमोडी : दोष रक्ताचा की खोलीचा?

एकाच घरात दोघांना ताप येतो. एक चार दिवसांत उठून कामाला लागतो, दुसरा दवाखान्यातून परत येत नाही. मग कुणीतरी म्हणतंच, "त्याच्या रक्तातच ताकद नव्हती."

हे म्हणणं अगदीच पोकळ नाही बरं का. २००९ च्या स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, हे आपल्याला आठवतंय. त्या साथीनंतर ब्रिटनमधल्या संशोधकांनी दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णांची जनुकं तपासली. आयएफआयटीएम-३ नावाचं एक जनुक आहे, त्यापासून बनणारं प्रथिन फ्लूच्या विषाणूला पेशीच्या दारातच अडवतं. या जनुकाचा एक वेगळा प्रकार गंभीर रुग्णांत जास्त सापडला, असं २०१२ मध्ये जाहीर झालं. पुढच्याच वर्षी चीनमधूनही तसाच निष्कर्ष आला. तो प्रकार तिकडे बऱ्याच लोकांत असतो, युरोपात क्वचित. नंतरच्या काही अभ्यासांत मात्र हा संबंध दिसला नाही, म्हणजे वाद अजून मिटलेला नाही.

२०१५ मधलं एक उदाहरण जास्त स्पष्ट आहे. एका लहान मुलीला साध्या मोसमी फ्लूने थेट व्हेंटिलेटरवर नेलं. आयआरएफ-७ या जनुकाची आईकडून आलेली प्रतही बिघडलेली आणि वडिलांकडून आलेलीही. त्यामुळे शरीराचा पहिला पहारेकरी, म्हणजे इंटरफेरॉन, पुरेसा तयारच होत नव्हता. आईवडील मात्र ठणठणीत, कारण दोघांकडे एकेक प्रत चांगली होती.

म्हणजे एका माणसाचा प्रश्न असेल तेव्हा जनुकाचं उत्तर बरोबर असू शकतं. पण तेच उत्तर आख्ख्या समाजाला चिकटवलं की घोळ होतो.

१९१८ ची मुंबई बघा. जूनमध्ये बंदरावरचे पोलीस शिपाई तापाने पडले. ती लाट ओसरली आणि सप्टेंबरात दुसरी आली, ती खरी जीवघेणी. ६ ऑक्टोबरला एका दिवसात शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पावसाने दगा दिलेला, धान्य महाग, आणि कामकरी माणूस एका खोलीत बिऱ्हाड थाटून राहणारा.

त्या साथीत हजारी किती माणसं गेली, याची जातधर्मवार नोंद सरकारने ठेवली. युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, सवर्ण हिंदू १८.९. आणि सरकारी कागदात ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलंय, ते ६१.६.

आता रक्ताचा हिशेब लावून बघा. युरोपियन आणि पारशी, दोघांच्या वंशाचा एकमेकांशी जवळचा संबंध नाही, तरी आकडे जवळजवळ सारखे. उलट एकाच शहरातल्या, एकाच धर्मातल्या दोन गटांत तिपटीहून जास्त फरक! हा फरक कुठल्या जनुकाने पडला म्हणायचा? ज्यांच्याकडे हवेशीर घर, पोटभर अन्न आणि घरी येणारा डॉक्टर होता ते वाचले. ज्यांना आजारपणात पाणी पाजायलाही उठून बसलेला माणूस घरात उरला नव्हता, ते गेले.

आइसलँडमध्ये तर घराण्यांच्या वंशावळी शेकडो वर्षांच्या आहेत. तिथे १९१८ च्या मृतांचे नातेवाईक तपासले. नातेवाइकांना धोका जास्त होताच, पण तो मृतांच्या नवऱ्या-बायकोलाही होता, आणि त्यांचं तर रक्ताचं नातं नव्हतं. सामाईक होतं ते घर.

आपल्याकडे या साथीला 'मानमोडी' म्हणत. तुमच्या घरात आजी-पणजीकडून तिच्याबद्दल काही ऐकलेलं असेल तर खाली लिहा. गाव लिहा, किती माणसं गेली ते लिहा, आणि घर किती खोल्यांचं होतं तेही लिहा.