भुकेला कोंडा, निजेला धोंडा



आपल्याकडे जुनी म्हण आहे, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. पोटात आग पडली की कोंड्याची भाकरीही गोड लागते आणि अंग दमलं की उशाला दगडही चालतो. म्हण रचणाऱ्यांनी भूक आणि झोप यांना शेजारी शेजारी बसवलं. घरात वागताना मात्र आपण तसं करत नाही. कुणी उपाशी राहिलं तर लगेच ताट वाढतो. कुणाची झोप राहिली तर “त्यात काय एवढं” म्हणतो. आणि ती घरातली बाई असली, तर दुपारी जरा डोळा लागल्यावरही “दिवसाढवळ्या लोळते” हे ऐकावं लागतं.

आपल्या आज्या पहाटेच्या काळोखात जात्यावर बसायच्या. पुढे गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, पण बाईचं पहाटेचं उठणं सुटलं नाही. पाणी भरायचं, धारा काढायच्या, डबे करायचे. रात्री सगळ्यांच्या शेवटी पाठ टेकते तीही तीच. म्हणूनच आज आम्ही झोपेचा इतिहास सांगणार आहोत. झोपेत मेंदू काय करतो, हे माणसाला कसं कळत गेलं त्याची ही गोष्ट. आणि तिची सुरुवात एका बाईपासून होते.

तिचं नाव मारिया मानासेईना. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गची ही शास्त्रज्ञ. त्या काळी बहुतेकांची समजूत अशी, की दिवा मालवावा तसा झोपेत मेंदू विझतो. मानासेईनाबाईंना हे पटत नव्हतं. त्यांनी कुत्र्याच्या दहा पिल्लांना सतत जागं ठेवलं. खायला-प्यायला सगळं दिलं, फक्त झोपू दिलं नाही. चार-पाच दिवसांत सगळी पिल्लं मेली. काही पिल्लं त्यांनी नुसती उपाशी ठेवून पाहिली होती. ती वीस-पंचवीस दिवसांनंतरही खाऊ-पिऊ घातल्यावर वाचवता आली. मुक्या जिवांवरचा हा प्रयोग ऐकताना आपलं काळीज हलतं. पण त्यातून कळलं ते मोठं होतं. झोपेवाचून मेलेल्या पिल्लांच्या मेंदूत बारीक बारीक रक्तस्राव झालेले दिसले. 1894 साली रोमच्या वैद्यकीय परिषदेत त्यांनी हे मांडलं. जिवाला अन्नापेक्षाही झोपेची गरज मोठी आहे, आणि झोपेतही मेंदू रिकामा बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे बरीच वर्षं त्यांचं नाव विस्मरणात गेलं. त्यांचं म्हणणं मात्र एकेक करून खरं ठरत गेलं.

1924 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख या दोघांनी एक साधा प्रयोग केला. दोन विद्यार्थ्यांना दहा-दहा निरर्थक अक्षरजोड्यांच्या याद्या पाठ करायला दिल्या. कधी पाठ करून ते झोपी जात, कधी दिवसभर जागे राहून आपली कामं करत. आठ तास जागं राहिल्यावर दहापैकी जेमतेम एक आठवे. आठ तास झोपून उठल्यावर निम्म्याहून जास्त आठवत. तास तेवढेच, पाठांतर तेवढंच, फरक झोपेचा. रात्री वाचून निजलेल्या लेकराला सकाळी धडा कसा आठवतो, त्याचं उत्तर इथे आहे.

त्याच वर्षी जर्मनीत हान्स बर्गर या डॉक्टरांनी माणसाच्या मेंदूतले विजेचे बारीक तरंग पहिल्यांदा कागदावर उतरवले. आता झोपलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते बाहेरून दिसायची सोय झाली. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की नावाचा विद्यार्थी असंच यंत्र घेऊन बसला होता. एका रात्री त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलालाच यंत्र लावून झोपवलं. मध्यरात्री कागदावरच्या लेखण्या जोरात हलू लागल्या. पोरगं उठलं वाटतं, म्हणून तो बघायला गेला, तर मुलगा गाढ झोपलेला! मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं मात्र भराभर फिरत होती. 1953 साली त्याने आपले गुरू नॅथॅनिएल क्लाइटमन यांच्यासह हे जाहीर केलं. ही स्वप्नांची झोप. त्या वेळी मेंदू जवळजवळ जागेपणीइतकाच कामात असतो.

पुढे कळलं, की झोपेचे फेरे असतात. साधारण दीड तासाचा एक फेरा. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त, पहाटेकडे स्वप्नांची झोप जास्त. म्हणजे रोज दोन तास आधी उठणारीचे नुसते दोन तास जात नाहीत, स्वप्नांच्या झोपेचा मोठा वाटा जातो.

झोप नसली तर काय होतं? 1963 च्या डिसेंबरात अमेरिकेतला सतरा वर्षांचा रँडी गार्डनर शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी 264 तास, म्हणजे अकरा दिवस जागा राहिला. शेवटी त्याला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. 93, 86 असं करत तो 65 पर्यंत आला आणि थांबला. का थांबलास, असं विचारल्यावर म्हणाला, मी काय करत होतो तेच विसरलो. नंतर तो चौदा तासांहून जास्त झोपला. हा खेळ कुणी करून बघू नये. पण रात्री अकरा वाजता गटाची वही घेऊन बसणाऱ्या आणि बेरीज चुकली म्हणून स्वतःलाच बोल लावणाऱ्या ताईंनी हा मुलगा आठवावा. चूक डोक्याची नसते, थकलेल्या मेंदूची असते.

मानासेईनाबाईंच्या त्या परिषदेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1994 साली, विल्सन आणि मॅकनॉटन या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूतल्या पेशींची नोंद घेतली. जागेपणी फिरताना ज्या पेशी बरोबरीने काम करत, त्याच झोपेत पुन्हा बरोबरीने काम करताना दिसल्या. जणू उंदराचा मेंदू दिवसभराची वाट पुन्हा चालून बघत होता. दिवसा शिकलेलं पक्कं करण्याचं काम असं रात्री चालतं. आपण धान्य आणून अंगणात ओततो, मग ते निवडून, पाखडून कणगीत भरावं लागतं. झोप मोडली की धान्य अंगणातच राहतं.

मैत्रिणींनो, मोठ्या माणसाला रोज सात तास तरी झोप हवी, असं डॉक्टर सांगतात. बाळंतिणीला, आजारी माणसाची उठबस करणारीला ती सलग मिळत नाही. अशा घरात रात्रीची पाळी वाटून घ्यायला हवी. पहाटेचं पाणी एक दिवस मुलाने भरावं, एक दिवस नवऱ्याने. पुष्कळ दिवस झोपच येत नसेल, तर सरकारी दवाखान्यात मोकळेपणाने सांगावं.

पुढच्या बैठकीत एक करू या. हिशेबाची वही उघडण्याआधी प्रत्येकीने सांगायचं, काल किती वाजता पाठ टेकली आणि किती वाजता उठले. आम्ही आमच्या गटात हे करून पाहिलं. वाकळेखाली पाच तास भरतील अशा मोजक्याच निघाल्या. पैशांच्या बचतीचा हिशेब आपण पैशापैशाने ठेवतो. झोपेचं मात्र वर्षानुवर्षं कर्ज काढत आलो, आणि ते कुठल्या वहीत लिहिलंच नाही. आता लिहू या.