वी (इंग्लिश सर्वनाम)

वी हे इंग्लिश भाषेतील प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम आहे. बोलणाऱ्यासह ऐकणाराही त्या गटात आहे की नाही, हे या शब्दावरून कळत नाही. ते संदर्भावरून ठरवावे लागते. फिलिपाईन्समधील टागालोग, सेबुआनो, इलोकानो इत्यादी भाषांत हा भेद स्वतंत्र सर्वनामांनी दाखवला जातो.

अर्थच्छटा
श्रोतृसमावेशक व श्रोतृव्यतिरिक्त या दोन मुख्य अर्थांखेरीज राजे स्वतःविषयी बोलताना आणि संपादक अग्रलेखात एकट्यासाठी 'वी' वापरत आले आहेत. रुग्णाची विचारपूस करणारा डॉक्टर कधी कधी हाच शब्द 'तुम्ही' या अर्थानेही योजतो.

फिलिपाईन्समधील प्रतिशब्द
* टागालोग: तायो (समावेशक), कामी (व्यतिरिक्त)
* सेबुआनो व हिलिगायनोन: किता, कामी
* इलोकानो: दातायो, दाकामी, केवळ 'तू आणि मी' अशा दोघांसाठी दाता
* कपांपांगन: इतामु, इकामी, दोघांसाठी इकाता

टागालोगमध्येही 'किता' हे पूर्वी दोघांसाठीचे सर्वनाम होते. आज ते मुख्यतः 'मी' आणि 'तू' या दोहोंचा संबंध एकाच शब्दात व्यक्त करते. 'माहाल किता' म्हणजे 'माझे तुझ्यावर प्रेम आहे'. किता आणि कामी ही जोडी प्राचीन ऑस्ट्रोनेशियन मूळ भाषेतून आली असून मलाय व इंडोनेशियन भाषांतही ती आढळते.

मराठीशी साम्य
मराठीत हाच भेद 'आपण' व 'आम्ही' या शब्दांनी होतो. 'आपण जेवायला जाऊ' हे आमंत्रण आहे; 'आम्ही जेवायला जातो' हा निरोप आहे. टागालोगमध्ये पहिल्या वाक्यात तायो, तर दुसऱ्यात कामी येईल. मात्र मराठी 'आपण' आदरार्थी 'तुम्ही' म्हणूनही वापरले जाते. तायोचा तसा रूढ उपयोग नाही. गुजरातीत तसेच तमिळ, तेलुगू या द्राविडी भाषांत हा भेद आहे. प्रमाण हिंदीतील 'हम' मात्र दोन्ही अर्थांनी येतो.

भाषांतरातील महत्त्व
इंग्लिशमधून टागालोगमध्ये भाषांतर करताना मूळ मजकुरात नसलेला निर्णय भाषांतरकाराला घ्यावा लागतो. सूचनेतील 'वी'साठी तायो घातल्यास वाचकावरही जबाबदारी येते. कामी घातल्यास तो केवळ श्रोता उरतो. 'आमच्या पित्या' या ख्रिस्ती प्रार्थनेचे टागालोग नाव 'आमा नामिन' असे आहे. प्रार्थना ऐकणारा देव त्या 'आम्ही'त मोडत नसल्याने येथे 'नातिन' (आपला) न येता 'नामिन' (आमचा) येते. फिलिपाईन्सच्या १९८७ च्या संविधानाची फिलिपिनो उद्देशिका 'कामी' या शब्दाने सुरू होते, तर भारतीय संविधानाची मराठी उद्देशिका 'आम्ही' या शब्दाने. दोन्ही ठिकाणी जनता आपसांत बोलत नसून स्वतःचा निर्धार जाहीर करते.