महासंगणन : आपल्या मुलांसाठी ओळख

एकच मोठे काम शेकडो-हजारो प्रोसेसरांवर वाटून एकाच वेळी करून घेणे म्हणजे महासंगणन. हवामानाचा अंदाज, औषधांचे संशोधन अशा कामांना ते लागते.

१९८० च्या दशकात अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. मूळचे अकोला जिल्ह्यातील डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. २०१५ मध्ये केंद्र सरकारने ४,५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मिशन मंजूर केले. आयआयटी हैदराबादमधील ‘परम सेवा’ त्यातूनच आला. प्रशिक्षणासाठी खरगपूर, मद्रास, गोवा आणि पालक्कड येथील आयआयटींत केंद्रे झाली.

यात विद्यार्थ्यांना मुख्यतः काम वाटायला शिकवतात. आम्ही बँकेतली माणसे, म्हणून तिथलाच दाखला देतो. सहामाही व्याजाची आकडेमोड दहा कारकुनांत वाटता येते, पण शेवटचा ताळा एकालाच जुळवावा लागतो. न वाटता येणारे काम एकूण कामाच्या दहा टक्के असेल, तर कितीही माणसे लावली तरी वेग दहापटीपलीकडे जात नाही. यालाच ॲमडालचा नियम म्हणतात. दुसरा धोका असा, की दोघांनी एकाच खात्याची जुनी शिल्लक पाहून एकाच वेळी नोंद केली, तर एक नोंद हरवते. प्रोग्राममध्येही असेच होते, आणि ही चूक दर वेळी दिसतेच असे नाही. ती पकडायला शेजारी बसून दाखवणारा जाणकार लागतो.

विद्यार्थ्याजवळ महासंगणक असावा लागत नाही. सुरुवातीला साधा लॅपटॉप पुरतो. त्यावर लिनक्स, सी भाषा, मग ओपनएमपी आणि एमपीआय असा क्रम ठेवावा. मोठ्या यंत्रावर परवानगी मिळाली की दुरूनच लॉगिन करून काम करता येते. पदवीनंतर सी-डॅकच्या पदविकांसाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा असते.

आदिलाबादच्या मुलांची हुशारी कमी पडत नाही, विचारायला माणूस मिळत नाही. आपल्यापैकी ज्यांची मुले-मुली पुणे-हैदराबादेत संगणक क्षेत्रात आहेत, त्यांनी सणासुदीला गावी आल्यावर दोन तास इथल्या विद्यार्थ्यांसाठी काढावेत, ही सर्वांना विनंती.