जन्ममृत्यूंचा ताळेबंद

एखाद्या देशांत वर्षभरांत मरणाऱ्यांहून जन्मणारे अधिक असले, कीं तेथील प्रजा वाढत आहे असें कोणीहि म्हणेल. घरच्या जमाखर्चांत हा हिशेब चालतो. राष्ट्राच्या वहींत तो फसवा ठरतो. देशांत तरुण स्त्रिया पुष्कळ व वृद्ध थोडे असले, तर घरटीं एक-दोनच मुलें होऊनहि पाळणे हलतच राहतात आणि तिरड्या थोड्या निघतात. वयाची ही माया ओळखून तिच्यावर तोड काढली ती बर्लिनच्या सांख्यिकी कचेरीचे प्रमुख रिचर्ड ब्योक यांनीं, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत.

श्रोत्यांनीं क्षणभर जन्मलेल्या शंभर मुली डोळ्यांपुढें आणाव्या. त्यांपैकीं किती कोणत्या वयापर्यंत जगतील, हें मृत्यूच्या कोष्टकावरून काढावें. मग त्या त्या वयाच्या स्त्रियांना चालू वर्षीं ज्या प्रमाणांत मुली झाल्या, त्या प्रमाणानें यांच्या पदरीं लेकी मांडीत जावें. बेरीज शंभर आली तर आईची जागा लेक घेते. कमी आली तर पिढी झिजते. ब्योक यांचे शिष्य रोबर्ट कुचिन्स्की यांनीं १९२८ सालीं ‘जन्ममृत्यूंचा ताळेबंद’ अशा अर्थाच्या नांवाचा ग्रंथ काढून हें माप जगापुढें ठेवलें. पश्चिम व उत्तर यूरोपांत १९२६ सालीं शंभर मातांमागें भावी माता अवघ्या ९३ आढळल्या. आणि तेंहि जन्म मृत्यूंहून अधिक असतांना!

यूरोप दचकलें. इंग्लंड व वेल्समध्यें १९३३ सालीं फक्त ५ लाख ८० हजार मुलें जन्मलीं. एनिड चार्ल्स या विदुषीनें १९३५ सालीं निरनिराळ्या गृहीतांवर हिशेब मांडले. त्यांतील एकाप्रमाणें तेथील चार कोटी वस्ती २०३५ पर्यंत सुमारें ४४ लाखांवर येणार होती. ‘हीच उतरण पुढें चालली तर’ ही अट बाईंनीं घातली होती. पण आंकडा लक्षांत राहतो आणि अट विसरली जाते.

पुढें १९४७ सालीं त्याच देशांत ८ लाख ८१ हजार मुलें जन्मलीं. गणित चुकलें नव्हतें. चूक होती ती त्या शंभर मुलींना खऱ्या मानण्यांत. एकाच वर्षींच्या वीस वर्षांच्या तरुणी आणि चाळिशीच्या गृहिणी यांचीं वर्तनें जोडून ती स्त्री बनविली होती. तसें आयुष्य कोणीच जगलें नव्हतें. मंदींत लग्नें लांबलीं, मुलें लांबलीं. लांबलेलें मूल कोष्टकांत न होणारें मूल ठरलें. जॉन हजनल यांनीं १९४७ सालीं हेंच उकलून दाखविलें.

उपाय म्हणून ब्रिटनमध्यें १९४६ सालीं दर दहा विवाहितांपैकीं एकीला लग्नाचें वर्ष आणि मुलांची संख्या विचारण्यांत आली. १८६० नंतरच्या दशकांतील लग्नांना सरासरी सहा मुलें झालीं होतीं. १९२५ च्या सुमाराच्या लग्नांना दोनांहून थोडीं अधिक. म्हणजे घसरण खरी होती, पण ती देश ओसाड पाडणारी नव्हती. २०२१ च्या शिरगणतींत, बाहेरून आलेली वस्ती धरून, इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या ५ कोटी ९६ लाख भरली.

पिढीवार मोजणीची अडचण एवढीच, कीं ती फार सावकाश चालते. २००० सालीं जन्मलेल्या मुलींना एकंदर किती मुलें झालीं, याचें पक्कें उत्तर त्यांनीं पंचेचाळिशी ओलांडल्यावर, म्हणजे २०४५ च्या पुढेंच मिळेल. आणि प्रसूतिगृहें व शाळा किती बांधाव्या, हें मात्र तोंपर्यंत ठरवून झालेलें असेल.