पनवेलचा सातबारा आणि खुली मानके

पनवेल तालुक्यात कागद फार काळ जपावा लागतो. १९७० मध्ये शहर वसवणारी सरकारी संस्था सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई या नव्या शहरासाठी पनवेल, उरण, ठाणे तालुक्यांतल्या गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या, या संपादनाविरुद्धच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याची योजना आली, मग विमानतळ. आजोबांचा दावा नातवाच्या हाती येतो. म्हणून इथे मोबाइलवर उघडलेला सातबारा पंचवीस वर्षांनीही उघडेल का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. माझे म्हणणे असे की, जो मजकूर एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवाचून वाचता येत नाही, तो टिकत नाही. आणि मराठी वाचकाने हे, वेबवर व्हिडिओ व अॅनिमेशन दाखवणारे अॅडोबीचे फ्लॅश बंद पडण्याच्या कितीतरी आधी सोसले आहे.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मराठी वृत्तपत्रे इंटरनेटवर येऊ लागली, तेव्हा बहुतेकांचा फॉन्ट वेगळा आणि फॉन्टमागची संकेतरचनाही वेगळी होती. वाचकाने आधी तो फॉन्ट उतरवून घ्यायचा, मगच बातमी वाचायची. त्यावर उपाय म्हणून ‘डायनॅमिक फॉन्ट’ आले. नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीत बिटस्ट्रीमचे तंत्र होते, तर इंटरनेट एक्सप्लोररमध्ये मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे. बिटस्ट्रीमचे फॉन्ट इंटरनेट एक्सप्लोररमध्ये दाखवायला वेगळे प्लगइन लागे. पुढे नेटस्केपने ते तंत्रच सोडून दिले. ज्या पानांचे नंतर युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामायिक संकेतरचनेत रूपांतर झाले नाही, तिथे बातमीच्या जागी रोमन चिन्हांचे कडबोळे उरले. कागदाला वाळवी लागायला काही वर्षे तरी जातात. इथे ब्राउझरची आवृत्ती बदलली आणि काम संपले.

देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये होती, आणि तिची मांडणी भारतीय इस्की मानकावरच बेतलेली होती. केंद्र सरकारने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच मानक ठरवले. पण जुन्या फॉन्टांची सवय मोडली ती मोबाइलने. संगणकावर फॉन्ट बसवता येई; साध्या फोनवर सामान्य माणसाला तो बसवता येत नसे. मधल्या काळात ऑपेरा मिनीसारख्या ब्राउझरमध्ये सर्व्हरवरच अक्षरांची चित्रे करून पाठवण्याची सोय होती. ती मोलाची होती, पण तात्पुरतीच. पुढे फोनलाच देवनागरी जुळवता येऊ लागली.

फ्लॅशचेही तसेच झाले. २००७ च्या आयफोनमध्ये त्याला जागा नव्हती, एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी त्याविरुद्ध जाहीर पत्र लिहिले, नोव्हेंबर २०११ मध्ये अॅडोबीने मोबाइलच्या ब्राउझरसाठी फ्लॅशचा विकास थांबवला. ऑक्टोबर २०१४ मध्ये प्लगइनशिवाय व्हिडिओ दाखवणारे एचटीएमएल५ हे वेबचे अधिकृत मानक झाले आणि २०२० अखेर फ्लॅशचा पाठिंबाच संपला. जॉब्ज यांचा हेतू निखळ नव्हता, त्यांचे अॅप स्टोअरही बंदिस्तच होते, हा आक्षेप खरा आहे. पण निकाल त्यांच्या हेतूवर ठरत नाही. याच अॅडोबीने २००८ मध्ये पीडीएफ आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या हवाली केले. फ्लॅश गेले, पीडीएफ राहिले. याहून स्पष्ट पुरावा मला दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पुण्यात सी-डॅकने जिस्ट हे भारतीय लिप्यांचे तंत्र पुढे नेले नसते आणि मॉड्युलर इन्फोटेकने श्रीलिपी हे टंकलेखनाचे सॉफ्टवेअर तयार केले नसते, तर मराठी छपाई संगणकावर आली असती का? मानकांची वाट पाहत बसलो असतो तर बराच काळ फुकट गेला असता. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. वाट या मंडळींनी पाडली. चूक झाली ती त्या वाटेलाच कायमचे घर मानण्यात. आणि खुलेपण एकदा मिळाले म्हणजे कायमचे, असेही नाही. २०१७ मध्ये वेबच्या मानकांतच कुलूपबंद व्हिडिओ चालवण्याची सोय मंजूर झाली, आणि तिला तीव्र विरोध नोंदवला गेला.

पनवेलच्या शेतकऱ्याला २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पीडीएफमध्ये मिळतो आणि तो कोणत्याही फोनवर उघडतो. स्वाक्षरी खरी आहे का, हे मात्र मोबाइलवरचे बहुतेक पीडीएफ वाचक सांगत नाहीत. त्यासाठी उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक घेऊन शासनाच्या संकेतस्थळावर जावे लागते. अक्षरे खुली झाली, पण त्यांच्या खरेपणाची खात्री अजून एकाच दारात उभे राहून करावी लागते.