तार, ट्रंक आणि रेंज

श्रोतेहो, फोनवरची तबकडी जाऊन कितीतरी वर्षे झाली, तरी आपण अजून 'नंबर फिरव' म्हणतो. मोबाईल खिशात टाकता टाकता 'बरंय, ठेवतो' म्हणतो. यंत्र जाते, शब्द मागे राहतो. टेलिफोन, बिनतारी आणि संगणक यांच्या कारभारातले असे कितीतरी शब्द आपल्या तोंडी रुळले आहेत. ते मुळात कोणत्या वस्तूची नावे होती आणि आपल्यापर्यंत कसे पोहोचले, हे आज सांगणार आहे. उदाहरणे माझ्या अहमदपूरच्या भागातली देतो.

अहमदपूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बिदर जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत उदगीर आणि निलंग्याबरोबर ते बिदरमधून निघून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात आले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला, तेव्हा त्यात गेले. गाव जागचे हलले नाही. पण कचेरीतली भाषा उर्दूकडून इंग्रजीकडे आणि मग मराठीकडे सरकली. साहजिकच नव्या यंत्रांची नावेही तीन वाटांनी आली.

सगळ्यांत जुना शब्द तार. तार म्हणजे धातूचा लांब धागा. १८५० मध्ये कोलकात्याजवळ तारयंत्राची पहिली प्रायोगिक लाइन टाकली गेली आणि १८५५ पासून सामान्य माणसाला तार पाठवता येऊ लागली. मराठीने धाग्याचेच नाव निरोपाला दिले. 'तार आली' एवढे शब्द कानावर पडले, की मजकूर वाचण्याआधीच घरातल्या बायका डोळ्यांना पदर लावत. जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवा बंद झाली. शब्दातली ती धास्ती मात्र जुन्या माणसांच्या मनात आहेच.

मग ही तार वजा झाली. मार्कोनीने १९०१ मध्ये अटलांटिक महासागरापलीकडे तारेशिवाय खूण पोहोचवली. आपल्याकडे खडकी आणि दौंड येथील बिनतारी केंद्रांमार्फत इंग्लंडशी संदेशवहन सुरू झाले, ते २३ जुलै १९२७ ला. त्याच दिवशी मुंबईचे रेडिओ केंद्रही सुरू झाले. इंग्रजीत 'वायरलेस', मराठीत 'बिनतारी'. हैदराबाद संस्थानात याला तिसरे नाव होते, 'लासिलकी'. 'ला' म्हणजे नाही आणि 'सिल्क' म्हणजे धागा, तार. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते होते आणि शास्त्रातल्या संज्ञांना उर्दू प्रतिशब्द घडवण्याचे मोठे काम तिथे चालले. गंमत पाहा, तिन्ही भाषांनी या नव्या गोष्टीला तिच्यात जे नाही त्यावरून नाव दिले. काय आहे ते डोळ्यांना दिसत नव्हते; काय नाही तेवढेच दिसत होते.

लासिलकी हा शब्द आमच्याकडे टिकला नाही, पण त्या यंत्राचे एक देणे मराठवाडा विसरणार नाही. निजाम सरकारच्या नभोवाणीचे नाव होते डेक्कन रेडिओ. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती जाहीर केली ती याच रेडिओवरून. आपण मुक्त झालो ही बातमी मराठवाड्यात बिनतारीने आली.

आता टेलिफोनकडे वळू. बेलला १८७६ मध्ये टेलिफोनचे पेटंट मिळाले आणि २८ जानेवारी १८८२ ला मुंबई, कोलकाता व मद्रास येथे एक्सचेंजे उघडली. एक्सचेंज म्हणजे काय? समजा, गावात शंभर फोन आहेत. प्रत्येक फोन दुसऱ्या प्रत्येक फोनला थेट जोडायचा तर ४,९५० तारा लागतील. त्याऐवजी शंभर तारा एकाच खोलीत आणा आणि ज्याला ज्याच्याशी बोलायचे त्या दोन तारा तेवढ्यापुरत्या जोडा. ही अदलाबदल करणारी खोली म्हणजे एक्सचेंज. आधी तिथे माणूस बसून हाताने खुंट्या जोडायचा. अमेरिकेतल्या स्ट्रोजर नावाच्या गृहस्थांनी १८९१ मध्ये आपोआप जोडणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यांचा धंदा अंत्यसंस्काराचे सामान पुरवण्याचा. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके दुसऱ्या दुकानदाराला जोडून देते, असा त्यांचा वहीम होता, असे सांगतात.

एका गावचे एक्सचेंज दुसऱ्या गावच्या एक्सचेंजला ज्या मुख्य लाइनने जोडलेले असे, ती ट्रंक. आमच्याकडे ट्रंक म्हणजे पत्र्याची पेटी. लग्नात मुलीला द्यायची, नाहीतर वसतिगृहाला जाणाऱ्या पोराच्या डोक्यावर द्यायची. त्यामुळे 'ट्रंक कॉल' ऐकून अनेकांना पेटीच आठवे. इथे मात्र ट्रंक म्हणजे झाडाचे खोड. घरोघरच्या तारा या फांद्या आणि गावे जोडणारी लाइन हे खोड. कॉल नोंदवायचा आणि वाट बघत बसायचे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग असे तीन दर होते. लायटनिंग म्हणजे वीज. कॉल लवकर लागे आणि दरही विजेसारखाच अंगावर येई.

त्यातच एक 'पी.पी.' कॉल असे. ही 'पर्टिक्युलर पर्सन'ची अक्षरे. ठरावीक माणूस फोनवर आला, तरच बोलणे जोडायचे. पुढे लग्नपत्रिकांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर नंबरापुढे कंसात 'पीपी' छापू लागले, तेव्हा त्याचा अर्थ पार बदलला होता: फोन शेजाऱ्यांचा आहे, आम्हाला बोलावून घ्या. खात्याच्या नियमातला शब्द लोकांनी शेजारधर्माला लावला. हा बदल कोणत्याही समितीने केलेला नाही.

ऑपरेटरशिवाय परगावी फोन लावण्याची सोय, म्हणजे एसटीडी, भारतात १९६० मध्ये लखनौ आणि कानपूर यांच्यात सुरू झाली. तिचा विस्तार झाला तसे गावोगावी आकडे आले. अहमदपूरचा ०२३८१, लातूरचा ०२३८२. या आकड्यातले पहिले शून्य एक्सचेंजला सांगते, 'मला ट्रंकवर घे.' खोडाची ती खूण अजून जिवंत आहे. घरच्या फोनवरून मोबाईलला लावताना आधी शून्य दाबावे लागते, हा नियम जानेवारी २०२१ पासूनचा.

खेड्यांपर्यंत एक्सचेंज नेताना अडचण होती ती ऊन आणि धूळ यांची. परदेशी यंत्रांना गार खोली लागे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने वातानुकूलनाशिवाय चालणारे १२८ जोडण्यांचे लहान एक्सचेंज बनवले. त्यातले पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसले. पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ गावोगाव दिसू लागले, ते त्यानंतरच्या वर्षांत.

पण तार शेवटी तारच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरात गेला. अशा वेळी खांब पडतात, तारा तुटतात, उरलेल्या लाइनवर सगळ्यांची एकदम झुंबड उडते. त्या दिवसांत पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेबरोबर हौशी रेडिओचालक, ज्यांना 'हॅम' म्हणतात, तेही आपले संच घेऊन मदतीला आले. बिनतारी या शब्दाचे मोल आमच्या जिल्ह्याला तेव्हा कळले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, ३१ जुलै १९९५ ला, देशातला पहिला मोबाईल कॉल झाला. मोबाईल म्हणजे बिनतारी आणि टेलिफोन यांचा संसार. मुलूख लहान लहान घरांत वाटायचा, प्रत्येक घराला एक टॉवर द्यायचा. या घराला इंग्रजीत 'सेल' म्हणतात, म्हणून सेलफोन. फोन ते टॉवर हा प्रवास हवेतून होतो. टॉवरपासून पुढे आवाज जमिनीखालच्या केबलने किंवा पुन्हा बिनतारीने जातो. टॉवरचा पल्ला ती रेंज. सुरुवातीला येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. ते २००३ मध्ये थांबले. पैसे वाचवण्याच्या खटपटीतून आपण 'मिस कॉल' घडवला. इंग्रजीत तो चुकून राहिलेला कॉल. आपल्याकडे तो मुद्दाम 'दिला' जातो.

सरकारने भ्रमणध्वनी हा शब्द दिला, तो पत्रिकेवर आणि कार्यालयाच्या पाटीवर राहिला. संगणक मात्र रुजला, कारण तो शाळेच्या पुस्तकातून मुलांच्या तोंडी गेला. शब्द कोणाच्या हातून येतो, यालाही महत्त्व असते.

शेवटचा शब्द नेट, म्हणजे जाळे. टेलिफोनवर बोलत असताना आख्खी वाट दोघांसाठी राखून ठेवलेली असे. संगणकाच्या जाळ्यात मजकुराचे तुकडे करतात, प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक घालतात आणि मिळेल त्या वाटेने सोडतात. पलीकडे ते क्रमाने जुळवले जातात. या तुकड्याचे नाव पॅकेट. २९ ऑक्टोबर १९६९ ला अमेरिकेत अशा जाळ्यावरून पहिला शब्द पाठवायचा होता, 'लॉगिन'. 'एल' आणि 'ओ' ही दोन अक्षरे गेली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. थोडक्यात, पहिल्याच दिवशी सर्व्हर डाऊन! भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला खुले झाले.

आणि हा 'सर्व्हर डाऊन' आज थट्टेचा विषय राहिलेला नाही. सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी बसलेला, मागेल ती माहिती पुरवणारा संगणक. रेशनच्या यंत्रावर अंगठा ठेवला की तो ओळख पटवायला त्या संगणकाकडे जातो. पीकविमा, पेन्शन, बँक, सगळीकडे हीच तऱ्हा. तास तास रांगेत उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या बाईला 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' एवढ्यावर परत जाताना मी पाहिले आहे. त्या शब्दांपुढे तिच्याकडे प्रश्नच नव्हता.

म्हणून हे तीन शब्द वेगळे ओळखा. 'रेंज नाही' म्हणजे यंत्र आणि टॉवर यांच्यातला हवेतला दुवा तुटला. यंत्र दहा पावले बाहेर नेऊनही कधी काम होते. 'नेट नाही' म्हणजे पुढची वाट अडली. दुसऱ्या कंपनीचे कनेक्शन असेल तर त्यावर चालू शकते. 'सर्व्हर डाऊन' म्हणजे दूरचा संगणकच उत्तर देत नाही. मग तो सगळ्याच दुकानांत बंद असायला हवा. पलीकडच्या गल्लीत अंगठे लागत असतील तर दोष त्या सर्व्हरचा नसण्याचाच संभव जास्त. असे कोणी सांगितले तर शांतपणे विचारावे, 'रेंज गेली, नेट गेले का सर्व्हर? आणि शेजारच्या दुकानात चालू आहे का?' हा प्रश्न विचारायला इंग्रजी यावे लागत नाही. आणि आपल्या आईला, आजीला तो शिकवायला पाच मिनिटेही लागत नाहीत.