कामाची बोली आणि कामाचा करार

भाईंदर स्थानकावरून उत्तनकडे जाणारा रस्ता धरला म्हणजे मुर्धा, राई, मोर्वा अशीं गांवें एकामागून एक लागतात. भातशेती आणि मीठ हा या पट्ट्याचा जुना धंदा. आगर म्हणजे मिठागर, आणि आगरी हें समाजाचें नांव त्यावरूनच पडलें असें बहुतेक मानतात. अशा गांवांत बांध घालावयाचा असो, घर उभारावयाचें असो कीं मिठाची रास उचलावयाची असो, कामाच्या जागीं जे शब्द कानीं पडतात ते विचार करण्यासारखे आहेत. मुकादम हजेरी घेतो, मेस्त्री ओळंबा लावून भिंत पाहतो, बिगारी घमेलें उचलतो, आठवड्याचा पगार होतो. काम उक्तें दिलें असेल तर मक्तेदार हप्त्याहप्त्यानें पैसे उचलतो, आणि मुदत टळली कीं कंत्राटाचा कागद बाहेर निघतो. एवढ्या दोन वाक्यांत अरबी, फारशी, पोर्तुगीज, इंग्रजी आणि मराठी अशा पांच भाषा येऊन बसल्या आहेत, आणि बोलणारास त्याचा गंधही नसतो.

परदेशी पेढ्यांशीं व्यवहार करणाऱ्या तरुणांना आज प्रकल्प-व्यवस्थापनाची इंग्रजी परिभाषा पाठ करावी लागते, आणि तें कांहीं तरी अगदीं नवें संकट आहे असें पुष्कळांना वाटतें. इतिहास तसें सांगत नाहीं. या किनाऱ्यावरील कामकऱ्यानें असा अभ्यास निदान तीन वेळां केला आहे. फरक इतकाच कीं तो त्यानें वर्गांत बसून केला नाहीं.

पहिला प्रसंग पोर्तुगीजांचा. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें वसई आणि तिच्या ताब्यांतील प्रदेश पोर्तुगीजांस दिला, आणि तेव्हांपासून १७३९ पर्यंत साष्टीचा हा टापू त्यांच्या अंमलाखालीं राहिला. दोनशें वर्षांत त्यांनीं गढ्या, चर्चें, वखारी आणि तटबंदी यांचें अपार बांधकाम केलें. हात येथल्याच माणसांचे होते. कारागिरांच्या मुख्यास ते ‘मेस्त्र’ म्हणत. त्याचा मेस्त्री झाला. चुना-माती वाहण्याचें त्यांचें लाकडी पात्र ‘गामेला’. तें घमेलें झालें. देणें चुकतें करणें या अर्थाच्या ‘पागार’ या क्रियापदाचा आमच्याकडे पगार झाला आणि ‘लेलांव’चा लिलाव. चावी, पिंप, बिजागरी हीं त्याच घरचीं. धर्माचे वा राजनीतीचे शब्द यांत फारसे नाहींत, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. जे आले ते हत्याराचे, कारागिराचे आणि मजुरीचे. धनी आणि मजूर यांची गांठ जेथें रोज पडत होती, तेथूनच शब्द आंत आले.

फारशी-अरबी शब्दांची वाट निराळी. ते दप्तरांतून उतरले. मुदत, तपशील, जामीन, हिशेब, अंदाज, मक्ता हे सारे कागदावरचे शब्द. मुकादम म्हणजे मूळ अर्थानें पुढें केलेला मनुष्य. हप्ता म्हणजे सात दिवसांचा आठवडा. आठवड्यानें द्यावयाच्या रकमेलाच पुढें तें नांव चिकटलें, आणि आतां महिन्याचा काय, वर्षाचा देखील हप्ता असतो! शब्द असा एकदां कामाला लागला कीं आपलें कूळ विसरतो.

परंतु जेथें जमीन आणि पाणी यांचा संबंध आला तेथें परक्या भाषेचें कांहीं चाललें नाहीं. बांध, खाजण, आगर, भरतीचें पाणी अडवून ओहोटीस सोडणारी उघाडी हे शब्द अस्सल येथलेच. कोंकणांतील खारभूमींत शिलोत्री नांवाची एक जुनी पद्धति होती, तिचा येथें मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. समुद्राकडचा बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदार पत्करी. त्याच्या आडोशानें पिकणाऱ्या शेतांकडून त्यास बिघ्यामागें ठराविक भात मिळे. काम कोणतें, जोखीम कोणाची आणि मोबदला कशाच्या मापानें, या तिन्ही प्रश्नांचें उत्तर त्या एका शब्दांत होतें. उधाणाच्या रात्रीं बांध फुटला तर कोणाच्या दारीं जावयाचें याविषयीं कुळाला शंका नसे. आजच्या लांबलचक करारनाम्यांतूनही हें इतकें स्वच्छ निघत नाहीं.

राज्यकर्त्यानें स्वतः परिभाषा घडविण्याचा पहिला मोठा प्रयत्न शिवछत्रपतींच्या आज्ञेनें झाला. रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडे तें काम होतें आणि धुंडिराज व्यास यांचा त्यांत हात होता. ‘राज्यव्यवहारकोश’ हा त्याचा परिपाक. राजवर्गापासून पण्यवर्गापर्यंत त्याचे दहा वर्ग आहेत, आणि दरबारीं रूढ असलेल्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, डबीर सुमंत आणि सरनौबत सेनापति. या उद्योगाचें मोल मोठें आहे. राजपत्रांतील फारशीचें प्रमाण त्या काळापासून उतरत गेलें, हें राजवाड्यांनीं कागद मोजून दाखविलें आहे. तरी एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. पुढें पेशवा हा शब्द परत आला आणि अटकेपर्यंत गाजला. मुकादम तर कधीं गेलाच नव्हता. पदाचें नांव आज्ञेनें बदलतें. पाटी उचलणाराच्या तोंडचा शब्द आज्ञेला जुमानीत नाहीं.

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. राईपासून जवळच असलेला धारावीचा किल्ला याच मोहिमेंत मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, मेस्त्री, घमेलें आणि पगार राहिले, आणि ते काढून टाकावे असें कोणाच्या मनांतही आलें नाहीं.

यानंतरचा प्रसंग इंग्रजी अमदानींतला, आणि परिभाषा ही केवळ शब्दांची आवड-निवड नव्हे हें त्यांत उघड झालें. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास आगगाडी गेली. पुढें सह्याद्रि ओलांडावयाचा होता. बोरघाटाचें काम १८५६ त सुरू झालें. कोंकणांतून घाटमाथ्यापर्यंत सुमारें सोळा मैलांत १८३१ फूट चढ, पंचवीस बोगदे, दऱ्यांवरील कमानींचे पूल, आणि डोंगरांत राबणारे हजारों मजूर. मुख्य अभियंता जेम्स बर्कले, कंत्राटदार फेव्हिएल. एवढ्या मोठ्या कामांत कंत्राटदाराची आणि मजुराची गांठ कधींच पडत नसे. कंत्राटदाराखालीं पोटकंत्राटदार, त्याच्याखालीं मुकादम आणि मुकादमाच्या हाताखालीं टोळी. वरच्या पायरीवर काम मापानें मोजलें जाई. खोदलेला खडक किती, भराव किती, त्याचा दर काय, अशी ती भाषा. खालच्या पायरीवर माणूस रोज मोजी. सकाळीं हजेरी लागली, सूर्य मावळला, म्हणजे त्याच्या हिशेबानें मजुरी झाली. उक्तें आणि रोजंदारी या दोन शब्दांमधील हें अंतर. मराठी भाषेला तें फार पूर्वींपासून ठाऊक होतें. परंतु बोरघाटांत त्या अंतरांत हजारों लोकांच्या भाकरीचा प्रश्न अडकला. खडक कठीण लागला, माप कमी भरलें किंवा मधल्यानेंच पैसा दाबला, तर वरचा म्हणे कीं कराराप्रमाणें देणें चुकतें झालें, आणि खालचा म्हणे कीं महिन्याची मजुरी बुडाली. आपापल्या भाषेंत दोघांचेंही म्हणणें खरें होतें.

१८५९ च्या जानेवारींत हा असंतोष भडकला. पोटकंत्राटदारांकडून मजुरी थकली म्हणून चिडलेले मजूर कामावरील युरोपियनांवर चालून गेले. त्याच वर्षीं फेव्हिएलनें काम सोडलें. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथें येऊन थोड्याच दिवसांत वारला. तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें कंत्राट आपल्याकडे ठेवून जाणते व्यवस्थापक नेमले आणि काम पुढें चालविलें. त्या काळच्या एका स्त्रीनें सह्याद्रींतील सर्वांत अवघड कामाची जबाबदारी अंगावर घ्यावी ही गोष्ट आमच्याकडे जितकी सांगितली जावी तितकी सांगितली जात नाहीं. १८६३ सालीं घाट खुला झाला. दरम्यान १८६० त सरकारनें नववा कायदा केला होता. रेल्वे आणि इतर सार्वजनिक कामांवरील मजूर व त्यांचे धनी यांच्यांतील मजुरीचे तंटे झटपट तोडण्याचा अधिकार त्यानें मॅजिस्ट्रेटांस दिला. मजुराच्या बाजूनें पाहतां त्या कायद्यांत काम सोडणाऱ्यास शिक्षाही होती, हें विसरतां येत नाहीं. तरी थकलेला पगार ही दंग्याची नव्हे, दाव्याची बाब आहे, इतकें त्यानें मान्य केलें. कंत्राट हा शब्द मराठींत मुरला तो अशा कामांवरून; त्यामुळें त्याला अजूनही थोडा संशयाचा वास येतो. ‘कंत्राटी काम’ असें म्हणतांना कोणी कौतुकानें म्हणत नाहीं.

विसाव्या शतकांत शब्द घडविण्याचें काम पंडितांनीं आणि संस्थानिकांनीं हातीं घेतलें. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें १९३१ त ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ निघाला. इंग्रजी शासनशब्दांस अनेक देशी भाषांतील पर्याय त्यांत शेजारीं शेजारीं मांडले आहेत. सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ चालविली, तर माधव जूलियन यांनीं १९२५ त फार्शी-मराठी कोश देऊन परक्या शब्दांचें घराणें दाखविलें. दाते-कर्वे यांचा शास्त्रीय परिभाषा कोश १९४८ चा. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० त भाषा संचालनालय स्थापन झालें आणि १९६४ त राजभाषेचा अधिनियम आला. निविदा, प्रकल्प, कार्यकारी अभियंता हे शब्द कचेऱ्यांतून सर्वत्र पसरले ते या खटाटोपामुळें. अंदाजपत्रक या शब्दाकडे मात्र पाहावें: अर्धा फारशी, अर्धा संस्कृत. त्यास कोणत्याही शुद्धिवाद्याला हलवितां आलें नाहीं, कारण तो कामाचा होता.

आतांची लाट अमेरिकेंतून आलेली आहे. हेन्री गँटचे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचे. ‘क्रिटिकल पाथ’ची रीति १९५७ च्या आसपास ड्यू पाँ कंपनींत निघाली आणि ‘पर्ट’ अमेरिकेच्या नौदलानें पोलारिस क्षेपणास्त्रासाठीं १९५८ त वापरली. या धंद्याची संस्था अमेरिकेंत १९६९ त निघाली, आणि तिचे शब्द आज पुण्यापासून टोकियोपर्यंत एकाच अर्थानें चालतात. स्कोप म्हणजे कामाची शीव. माइलस्टोन म्हणजे कामांतला मैलाचा दगड. स्टेकहोल्डर म्हणजे ज्याचें कांहीं पणास लागलें आहे तो. डेडलाइन हा शब्द अमेरिकेच्या यादवी युद्धांतील तुरुंगांतला आहे. ती रेघ ओलांडणाऱ्या कैद्यास पहारेकरी गोळी घालीत. त्यामानानें आमची मुदत फारच दयाळू म्हणावयाची!

या शब्दांचा उपयोग नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं. निरनिराळ्या देशांतील माणसें एकत्र काम करूं लागलीं म्हणजे एक समाईक बोली लागतेच. परंतु स्टेकहोल्डर या शब्दांत भांडवल घालणारा सावकार आणि घर गमावणारा शेतकरी हे दोघेही एकाच पंक्तीला बसतात. मराठीनें दुसऱ्यासाठीं वेगळा शब्द केला: प्रकल्पग्रस्त. ग्रस्त म्हणजे गिळलेला. ग्रहणांत चंद्र ग्रस्त होतो तसा. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ त सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला तेव्हां हा शब्द प्रचारांत नव्हता, गिळलेपण होतें. कोयनेपासून पुढें एकामागून एक धरणें झालीं, आणि अशा लोकांच्या पुनर्वसनासाठीं महाराष्ट्रानें १९७६ त स्वतंत्र कायदा केला. इंग्रजींतून मराठींत पुष्कळ शब्द आले, पण हा शब्द इंग्रजींत नेऊं गेल्यास त्याचा डंख वाटेंतच गळून पडतो.

राईच्या लोकांवर हा शब्द लागू होण्याची वेळ अलीकडेच आली होती. दहिसर ते मिरा-भाईंदर या मेट्रो ९ मार्गिकेचें काम २०१९ त सुरू झालें. तिच्या गाड्या ठेवण्याचें व दुरुस्तीचें कारशेड राई, मुर्धा आणि मोर्वा या गांवांच्या जमिनींवर योजिलें होतें. घरें आणि पिढीजात शेतें जाणार म्हणून ग्रामस्थ उठले. आराखडा, संरेखन, भूसंपादन, बाधित क्षेत्र हे शब्द गांवांत घरोघर बोलले जाऊं लागले. ज्यांच्या आज्यापणज्यांनीं पगार आणि कंत्राट हे शब्द कामावर उचलले, त्यांनीं हे नवे शब्द नोटिशीवरून उचलले, आणि त्याच शब्दांत उत्तर दिलें. शेवटीं कारशेड तेथून हललें आणि पुढें डोंगरी गांवच्या बाजूस ठरलें. तेथें घरांऐवजीं झाडांचा प्रश्न उभा राहिला. बारा हजारांहून अधिक झाडें जावयाचीं होतीं. त्यासाठीं लोकांकडून ‘हरकती व सूचना’ मागविण्यांत आल्या. यांतला सूचना हा शब्द संस्कृत. हरकत अरबी, मूळ भाषेंत त्याचा अर्थ हालचाल, मराठींत त्याचा अर्थ अडथळा. डोंगरीकरांच्या हरकती हजारांनीं गेल्या.